शेजारच्या सीटवरून

४ मार्च

संचालक महोदय,

हा मायना वाचून तुला हसू आलं तर येऊ दे. पाटीवर तूच तसं रंगवून घेतलंयस. 'संचालक' आणि पुढे तुझं नाव, तेही माझ्या नावाच्या जागी, माझ्याच खिळ्यांवर. थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात, ते या खेपेला राखून ठेवले आहेत.

आज सकाळी मी आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले होते. 'आपल्या' हा शब्द सवयीने गेला, खोडत नाही. काचेच्या आडून तू मला बघितलंस, मी तुला बघितलं, आणि तू घाईघाईने फोन उचलून कानाला लावलास. तो फोन वाजलाच नव्हता. मी बहिरी झालेली नाही, धाकट्या. मला फक्त चक्कर आली होती.

काउंटरवर नवी मुलगी बसवली आहेस. गोड आहे. म्हणाली, "आजी, कोणाला शिकवायचंय? नातीला का?"

म्हटलं, "मला."

ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. "आजी, तुमचं वय काय?"

"तू बसलीयस ना, त्या खुर्चीला विचार. ती मी विकत आणली तेव्हा तुझ्या आईचं लग्न झालं नव्हतं."

बिचारीचा चेहरा उतरला. तिची काय चूक? भिंतीवर माझा एक फोटो राहू दिला असतास तर तिने निदान ओळखलं असतं. तिला मी नीट सांगितलं. आजारपणात माझं लायसन्स संपलं, मुदतीत नूतनीकरण झालं नाही, आता नव्याने परीक्षा द्यायची आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे. दुपारी शिकवणीची गाडी नुसती उभी असते, तेवढ्या वेळात थोडा सराव करू द्या. भीक मागत नव्हते. मी घेतलेली गाडी मागत होते.

ती आत गेली, तुझ्याशी बोलली, आणि येऊन म्हणाली, "साहेब म्हणतात, विम्यात बसत नाही."

साहेब! ज्या साहेबाचं फरश्यांचं दुकान बुडालं तेव्हा मी हाताला धरून गाडीत बसवला, ज्याला क्लच आणि ब्रेक यांतला फरक कळेपर्यंत माझ्या दोन क्लचप्लेटा जळाल्या, तो साहेब काचेच्या आड बसून निरोप पाठवतो. स्वतः बाहेर येऊन "ताई, नाही जमणार" एवढंही तुझ्याच्याने म्हणवलं नाही.

आणि हे सगळं कशावरून? तर अडीच वर्षांपूर्वी एकदा, एकदाच, मला शिकवताना चक्कर आली. शेजारच्या सीटवर बसले होते. शिकणाऱ्या बाईला "थांब" म्हटलं, तिने गाडी कडेला घेतली, कोणाला साधं खरचटलंही नाही. हे तूच मला दवाखान्यात, कॉटच्या कडेवर बसून सांगितलंस. कानाच्या आतला तोल बिघडला होता, काही महिन्यांत औषधाने आणि व्यायामाने बरा झाला. तोवर तू "ताई, आता आराम कर" म्हणत म्हणत आधी किल्ल्या घेतल्यास, मग ऑफिस, मग पाटी. आरामाचं नुसतं नाव. मला तू आंब्याच्या कोयीसारखं चोखून टाकलंस.

आता तुझ्या गाडीची गरज नाही. माझी सोय मी करते.

ताई

९ मार्च

धाकट्या,

सोय झाली. मी हॉर्नवाल्यांकडे नाव घातलं.

हो, तेच. पुलापलीकडचे. जे शिकाऊ माणसाला ब्रेकच्या आधी हॉर्न शिकवतात, आणि ज्यांची गाडी समोरून आली की मी विद्यार्थ्यांना सांगायची, "कसं चालवायचं नाही ते बघून घ्या." त्यांनी मला बघितलं आणि उठून उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडे?" म्हटलं, "घरच्यांनी दार लावलं, म्हणून शेजाऱ्यांकडे आले." माणूस भला निघाला. खोचून एक शब्द बोलला नाही. चहा मागवला. तू पाणी तरी विचारलंस?

आणि शिकवायला कोण, तर शिंपीणबाई! आठवतात? ब्लाउज शिवायचं दुकान होतं त्यांचं. मला चक्कर आली त्या दिवशी गाडी चालवत होत्या त्याच. त्यांनी नंतर आपल्याकडे येणं सोडलं, इकडे शिकल्या, आणि आता इकडेच शिकवतात. माझ्याकडची अर्धी शिकलेली विद्यार्थिनी माझी मास्तरीण झाली. गुरूची विद्या गुरूला, ती अशी.

पहिल्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "बाई, हा क्लच."

मी म्हटलं, "असं होय? मला वाटलं शिवणयंत्राचं पेडल."

त्या हसल्या, पण पुढे ब्रेकही दाखवलाच, ॲक्सिलरेटरही दाखवला. "नियम आहे, बाई. सगळ्यांना पहिल्यापासून." तोंड मिटून ऐकलं. आतून नुसती फणफणत होते. त्यांच्यावर नाही, तुझ्यावर. या वयात मला कोणी क्लच दाखवावा ही पाळी तू आणलीस.

ताई

१७ मार्च

धाकट्या,

तू उत्तर देत नाहीस हे बरंच आहे. मधे बोलणारं कोणी नसलं की माणूस मनमोकळं भांडतं.

हॉर्नवाल्यांच्या गेटच्या खांबाला काहीही झालेलं नाही. कोणी येऊन सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. तो खांब आधीपासूनच तिरका होता.

चढावर मात्र गाडी बंद पडली, हे लपवून उपयोग नाही, कारण तुझा तो नवा मास्तर तुझीच गाडी घेऊन माझ्या मागे उभा होता आणि त्याने तुला सांगितलं असेलच. एकदा बंद पडली, सुरू केली, पुन्हा पडली. मागे बसवाला भोंगा वाजवतोय. ज्या चढावर मी लोकांना "हाफ क्लचवर गाडी धरा, घाबरता काय, चढ तुम्हाला खाणार आहे का" असं ओरडायची, त्याच चढावर मला गाडी धरता येत नव्हती. शिंपीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, घाई नाही. बसवाल्याला दुसरं काम नाही म्हणून वाजवतोय."

संध्याकाळी घरी येऊन विचार करत बसले. असं का व्हावं? अडीच वर्षांत कोणी गाडी विसरतं का? मग लक्षात आलं. अडीच वर्षं कुठली! स्कूल काढल्यापासून मी गाडी चालवलीच नाही. शिकवली. सकाळपासून रात्रीपर्यंत शेजारच्या सीटवर, माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक, माझा वेगळा क्लच, आणि डोळे दुसऱ्याच्या हातांवर. घरी जाताना शेवटचा विद्यार्थी मला दाराशी सोडायचा. सुट्टीत कुठे जायचं झालं तर गाडी तू चालवायचास आणि मी शेजारी बसून तुझ्या चुका काढायची. स्टीअरिंगमागे मी एकटी शेवटची कधी बसले ते आठवेना.

कोणाला सांगितलं तर हसतील. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेली बाई, आणि तिला स्वतःला चढ चढता येत नाही. तूही हसशील. हस. पण एवढं ध्यानात ठेव, मला आता ते लायसन्स तुझ्या नाकावर टिच्चून नकोय. मला ते हवंय.

तुझ्या बायकोचा काल फोन आला. मला म्हणाली, "ते म्हणतात, ताईंना सांग, हट्ट सोडा." ते म्हणतात! त्यांना तोंड आहे ना? की तेही विम्यात बसत नाही?

ताई

२६ मार्च

तुला काय म्हणून हाक मारावी ते मला आज कळत नाही.

गेले काही दिवस माझ्या ध्यानात आलं होतं की शिंपीणबाई मला बाजाराच्या मागच्या रस्त्याने कधी नेत नाहीत. शाळेपुढचा तो सरळ, रुंद रस्ता, सरावाला अगदी उत्तम. त्या मला लांबच्या वळणाने न्यायच्या. आज मी इंडिकेटर दिला आणि त्या रस्त्याला गाडी वळवायला लागले, तर म्हणाल्या, "बाई, नको. पुढून घेऊ."

"का?"

"गर्दी असते."

"या वेळेला? कुत्रं नाही रस्त्यावर."

मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "सांगितल्याशिवाय किल्ली फिरवणार नाही," म्हटलं.

त्यांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी तुम्ही 'थांब' म्हणाला नव्हतात."

धाकट्या, त्यांनी मला सगळं सांगितलं. माझे डोळे गरगर फिरायला लागले. मी पडू नये म्हणून हाताला लागेल ते धरलं, आणि हाताला लागलं स्टीअरिंग. दोन्ही हातांनी ओढून धरलं. गाडी त्याच रस्त्याच्या फुटपाथवर चढली. समोर एक बाई बाबागाडी ढकलत चालली होती. तिने बाबागाडी भिंतीकडे लोटली आणि स्वतः तिच्या पुढे उभी राहिली. शिंपीणबाईंनी ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. बाईच्या साडीला बंपर लागत होता म्हणाल्या. माझी बोटं त्यांना एकेक करून सोडवावी लागली.

आणि मागच्या गाडीत तू होतास. तू उतरलास, त्या बाईचे पाय धरलेस, जमलेल्या लोकांना हात जोडलेस, आणि शिंपीणबाईंना म्हणालास, "माझ्या ताईला यातलं काही कळता कामा नये." त्यांनी शब्द पाळला. म्हणूनच त्यांनी आपल्याकडे येणं सोडलं. माझ्या तोंडाकडे बघून खोटं वागायला जमेना म्हणाल्या.

मी किल्ली शिंपीणबाईंच्या हातात दिली आणि चालत घरी आले.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मला नीट कळतंय तू का केलंस ते, आणि म्हणूनच जास्त. अडीच वर्षं मी तुला चोर म्हटलं. नात्यागोत्यात म्हटलं, दवाखान्यात म्हटलं, भाजीवालीला सुद्धा म्हटलं. तू ऐकून घेतलंस. माझ्या तोंडावर खरं फेकलं असतंस तर मी त्याच दिवशी स्वतःहून किल्ल्या तुझ्या टेबलावर ठेवल्या असत्या. तेवढी अक्कल मला आहे. तू मला ती संधीच दिली नाहीस. स्वतः चोर झालास आणि मला वेडी केलंस, जी आपण काय केलं ते न कळता जगाशी भांडत फिरते. त्या बाईला मी एकदा भेटले नाही, तिच्या लेकराची चौकशी केली नाही! बाजारात आमची गाठ पडली असेल, मी तिच्याकडे बघून हसलेही असेन, तिला काय वाटलं असेल?

मी काय काचेचं भांडं आहे का?

आणि पाटी? ती सुद्धा माझ्या भल्यासाठीच बदललीस का? सांग.

११ एप्रिल

धाकट्या,

तुझी चिठ्ठी तुझी बायको देऊन गेली. शाळेत असताना निबंधही तू एवढाच लिहायचास. 'पाटीचं चुकलं. बाकीचं पुन्हा तसंच करीन. तू मोडली असतीस.'

मोडले असते, हो. मोडून पुन्हा उभी राहिले असते. आई गेली तेव्हा तू सहावीत होतास, तेव्हाही मोडलेच होते की, आणि दुसऱ्या दिवशी तुझा डबा केला होता. 'पुन्हा तसंच करीन' म्हणतोस, वर तोंड करून! कोणी दिला तुला हा अधिकार? माझं काय सोसेल आणि काय नाही हे तू ठरवणार? मी तुला स्टीअरिंग धरायला शिकवलं, माझं धरायला नाही.

पण पाटीचं लिहिलंस ते बरं केलंस. 'चुकलं' हा शब्द तुझ्या अक्षरात मी पहिल्यांदाच पाहिला.

इतके दिवस गाडीकडे फिरकले नाही. खोटं कशाला बोलू, पहिले दोन-तीन दिवस तर घराबाहेरही पडले नाही. मग डॉक्टरांकडे गेले आणि या वेळी सगळं सांगितलं, फुटपाथ, बाबागाडी, सगळं. ते तुझ्यावर चिडले. त्यांना सुद्धा तू 'बसल्या जागी चक्कर' एवढंच सांगितलं होतंस ना? त्यांनी मला खुर्चीत बसवून गरागरा फिरवलं, आडवं झोपवून मान खाली टाकली, डोळ्यांत दिवे मारले. पुन्हा आठवड्याने बोलावलं, पुन्हा तेच. शेवटी म्हणाले, "तोल ठीक आहे. चालवा. दर सहा महिन्यांनी मला दाखवा. आणि डोकं किंचित जरी हललं तरी गाडी कडेला."

"आणि शिकवायचं?" मी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," म्हणाले.

बघ, डॉक्टर सुद्धा मला विचारतात.

त्या बाईकडे जाऊन आले. शिंपीणबाईंना घर माहीत होतं. दार उघडलं, मला ओळखलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "तुमच्या भावाने सांगितलं होतं, तुम्ही आजारी आहात." मी तिची माफी मागितली. तिने "असू दे, असू दे" केलं नाही, मला बरं वाटलं. ती म्हणाली, "मला अजून त्या रस्त्याने जाताना धडकी भरते." मी ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. बाबागाडीतली पोरगी आता धावते. तिने मला तिची मोडकी बस दाखवली, चाक नसलेली. ते चाक मी बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्नवाल्यांकडे गेले. आणि शिंपीणबाईंना म्हटलं, "आज बाजाराच्या मागच्या रस्त्याने."

पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने. पण गेले.

ताई

२९ एप्रिल

धाकट्या,

पास झाले.

परीक्षा घ्यायला आलेला साहेब पोरसवदा होता. गाडीत बसला आणि म्हणाला, "चला, आजी, सुरू करा." मी नुसती बसून राहिले. तो म्हणाला, "काय झालं? येत नाही का?" म्हटलं, "तुम्ही पट्टा लावला नाहीत. माझ्या गाडीत कोणी पट्ट्याशिवाय बसलेलं चालत नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, मग लावला. पुढे परीक्षा संपेपर्यंत तो सरळ बसून होता. चढावर गाडी एकदाही मागे आली नाही. रिव्हर्स घेताना परीक्षेसाठी मांडलेल्या एका शंकूच्या फार जवळून गेले, लागला नाही, पण लागला असता. हेही लिहून ठेवते, नाहीतर तू म्हणशील बढाया मारते.

आता नीट वाच. मी पुन्हा शिकवणार नाही. शेजारच्या सीटवर बसायचं म्हणजे एक डोळा रस्त्यावर, एक दुसऱ्याच्या हातांवर, आणि आता मला तिसरा स्वतःच्या डोक्यावरही ठेवावा लागेल. कोणाची तरी लेक माझ्या भरवशावर पहिल्यांदा रस्त्यावर उतरणार, आणि तो भरवसा मी आता देऊ शकत नाही. हे मी ठरवलं आहे. तू नाही, डॉक्टरांनी नाही. दोन-अडीच वर्षांपूर्वी सुद्धा मी हेच ठरवलं असतं, पण तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. हा राग जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही. राहू दे, एवढा राग मला शोभतो.

स्कूल तू चालव. पाटीवर माझं नाव नको. पण त्या काउंटरवरच्या मुलीला सांग मी कोण ते.

शिंपीणबाईंच्या घरी त्यांच्या नवऱ्याची एक जुनी गाडी पडून असते. ती थोडे दिवस मागून घेतली आहे. रविवारी सकाळी तुझ्या दाराशी येईन. हॉर्न वाजवणार नाही, तो हॉर्नवाल्यांचा धंदा. इंजिन चालू ठेवून थांबेन. यायचं तर ये. नाही आलास तर मी एकटी पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन येईन, मला कोणाची सोबत लागत नाही.

ताई

५ मे

मूर्खा,

हेल्मेट?

पाटी बदलल्यापासून बोलणं नाही, चालणं नाही, आणि बहीण दाराशी गाडी घेऊन उभी राहिली तर हा माणूस स्कूटरचं हेल्मेट घालून खाली उतरतो! तुझी बायको गॅलरीत उभी राहून पोट धरून हसत होती. शेजारचे बघत होते. पहिला शब्द काय बोलायचा, तुझ्याकडे बघायचं की नाही, सगळं ठरवून आले होते, आणि तू काही न बोलता दार उघडून त्या भोपळ्यासकट आत बसलास. वर पट्टा लावलास. काय बोलणार मी? इतका संताप आला की गिअरच सापडेना.

काढ म्हटलं, काढलं नाहीस. निदान काच तरी वर कर म्हटलं, तीही केली नाहीस. टाकीपर्यंत एक शब्द नाही, येताना एक शब्द नाही. तू कारमध्ये हेल्मेट का घातलंस, असा प्रश्न मी मोठ्याने दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा तू खिडकीकडे मान फिरवलीस. म्हणून हे लिहायची वेळ आली. समोर बसून तू बोलत नाहीस, मग मी कागदावरच बोलते.

गाडीत वारा नव्हता, धूळ नव्हती, खिडक्या बंद होत्या. तरी तुझ्या हेल्मेटची काच आतून धुरकट झाली होती. मी रस्त्याकडे बघत होते, पण शेजारच्या सीटवर काय चाललंय ते न बघता दिसायची मला जन्माची सवय आहे.

म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा येते. हेल्मेट घालून आलास तर गाडीत घेणार नाही. रुमाल आण.

ताई